सह्याद्रीवर एकाच संध्याकाळी सगळं का लागतं, आणि मॅच आत्तीकडे दिसते पण आपल्याकडे का नाही

ऑक्टोबर छाटणी होऊन वीसेक दिवस झाले होते तेव्हा आत्तीकडे गेलो होतो, तासगावच्या बाजूला. दिवसभर सगळे बागेत आणि संध्याकाळी सगळे दमून टीव्हीसमोर, आणि टीव्हीवर सह्याद्री, कारण रिमोट आत्तीकडे आणि आत्तीला दुसरं काही लागत नाही. आधी शेतीचा कार्यक्रम झाला. एक कृषी अधिकारी द्राक्षावरच्या दावण्या रोगाबद्दल सांगत होते, पान उलटं करून कॅमेऱ्यासमोर धरलेलं, खालच्या बाजूची पांढरी बुरशी दाखवायला. पान थरथरत होतं, म्हणजे साहेब बहुतेक पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर आले असावेत. मग बातम्या. मग बायकांच्या आरोग्यावर फोन-इन, त्यात डॉक्टरबाई अंगात रक्त कमी असणं म्हणजे काय ते अगदी शांतपणे सांगत होत्या. आणि त्यानंतर एकदम नाट्यगीत, पेटी तबला तानपुरा, सगळा सरंजाम.

आत्तीचा नातू नववीत आहे. तो वैतागून म्हणाला, "काका, हे चॅनल नक्की कशाचंय?"

प्रश्न बरोबर आहे ना पण. न्यूज चॅनल न्यूजचं, कार्टूनचं चॅनल कार्टूनचं, सिरियलवाल्यांवर सिरियल. हे कशाचं? आणि त्याच रात्री भारताची टी-ट्वेंटी होती, ती आत्तीच्या फ्री डिशवर, म्हणजे दूरदर्शनच्या बिनभाड्याच्या छत्रीवर, डीडी स्पोर्ट्सला फुकटात चालू होती आणि पुण्याहून बायकोचा फोन, आपल्याकडे महिन्याला एवढे पैसे भरून केबलवर दूरदर्शन लावलं तर तिथे भलतंच काहीतरी चाललंय. दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच निघतं, म्हणून सगळं एकदा नीट लिहितो.

आधी एक घोळ मिटवू: सरकारी म्हणजे काय, सार्वजनिक म्हणजे काय

आपण सरसकट 'सरकारी चॅनल' म्हणतो. कागदावरचा शब्द आहे सार्वजनिक प्रसारण, म्हणजे लोकांच्या पैशातून चालणारा रेडिओ-टीव्ही, ज्याला नफा कमवून दाखवायचा नाहीये पण सगळ्यांपर्यंत पोचायचंय. आपल्याकडे हे काम प्रसार भारती करतं. तिचा कायदा झाला १९९० मध्ये आणि ती प्रत्यक्षात आली २३ नोव्हेंबर १९९७ ला, मधली सात वर्षं कायदा नुसता फायलीत पडून. आकाशवाणी आणि दूरदर्शन ही तिची दोन पोरं, आणि सह्याद्री हे दूरदर्शनचं मराठी चॅनल, वरळीतून चालणारं.

हे समजायला एसटी डोळ्यासमोर आणा. एसटीने फक्त नफा बघायचा ठरवला तर मुंबई-पुणे, पुणे-कोल्हापूर असे चार-पाच मार्ग ठेवून बाकी सगळं बंद करावं लागेल. पण ती संध्याकाळी सहाला डोंगरातल्या वाडीवर मुक्कामी जाते, आठ पॅसेंजर आणि दोन कोंबड्या घेऊन. त्या फेरीचा हिशोब तिकिटात निघत नाही. सह्याद्रीवरचं दावण्याचं पान हे त्या मुक्कामी गाडीसारखं आहे. द्राक्ष बागायतदार महाराष्ट्रात किती, त्यातले त्या वेळी टीव्हीसमोर किती, शॅम्पू विकणाऱ्या कंपनीला त्यात काय मिळणार?

ताटात काय वाढायचं ते कायद्यातच लिहिलंय

प्रसार भारती कायद्याचं कलम १२ एकदा वाचा, मजा येते. लोकांना माहिती द्यायची, शिक्षण द्यायचं, मनोरंजन करायचं हे तर आहेच, पण पुढे अख्खी यादी आहे: शिक्षण आणि साक्षरता, शेती, ग्रामविकास, पर्यावरण, आरोग्य, विज्ञान यांकडे खास लक्ष द्यायचं, वेगवेगळ्या प्रदेशांच्या भाषा आणि संस्कृतीला जागा द्यायची, खेळ दाखवायचे, स्त्रियांचे प्रश्न, तरुण, कामगारांचे हक्क, अल्पसंख्याक आणि आदिवासी, मुलं, अंध आणि म्हातारी माणसं. म्हणजे आत्तीच्या घरातली ती संध्याकाळ म्हणजे हे कलमच होतं, ओळीने, पेटी-तबल्यासकट.

चॅनलच्या आत याचं एक वेळापत्रक बनतं, त्याला तिथली माणसं एफपीसी म्हणतात, फिक्स्ड पॉइंट चार्ट. कुठल्या वारी किती वाजता काय लागणार याचा तक्ता, बस. शाळेच्या टाइमटेबलसारखाच. शाळेत मुलांना विचारून टाइमटेबल केलं तर सहा तास पीटी होईल, म्हणून गणित-भूगोल मध्ये मध्ये पेरावे लागतात, तसंच हे पण.

खासगी चॅनलचा तक्ता उलट बाजूने बनतो. तिथे देव एकच, टीआरपी. देशभरातल्या पन्नास हजारांहून जास्त घरांत टीव्हीला मीटर लावलेले असतात, त्या घरांत कोण काय किती वेळ बघतं त्यावरून कोट्यवधी घरांचा अंदाज बांधतात, आणि त्या आकड्यावर जाहिरातीच्या दर दहा सेकंदांचा भाव ठरतो. मग रात्री आठला सर्वात जास्त लोक जे बघतात तेच सगळ्या चॅनलवर येणार, त्यात त्यांची काही चूक नाही, धंदा आहे. फक्त त्या भावात दावण्याचं पान बसत नाही. अंगात रक्त कमी असणं पण बसत नाही, गोळीची जाहिरात असेल तर गोष्ट वेगळी.

ही सवय लागली कुठून

दूरदर्शन दिल्लीत सुरू झालं १५ सप्टेंबर १९५९ ला, प्रयोग म्हणून. मुंबई केंद्र आलं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि पुढच्या वर्षी सिंहगडावर टॉवर उभा राहिला आणि पुण्याला मुंबईचेच कार्यक्रम दिसायला लागले. (गच्चीवर अँटेना फिरवायच्या आठवणी सगळ्यांनी लिहून झाल्यात, मी नाही लिहीत.)

त्या काळातली मुख्य गोष्ट ही की चॅनल एकच होतं आणि प्रसारण संध्याकाळचे काही तास. आता त्या तासांत मुंबईसारख्या शहराला काय काय हवंय बघा, मराठी हवं, हिंदी हवं, गुजराती हवं, इंग्रजी हवं. मग 'आमची माती आमची माणसं' मध्ये खतांचं प्रमाण, नंतर गुजरातीत 'आवो मारी साथे', मग बातम्या, एखाद्या दिवशी 'गजरा', एखाद्या दिवशी 'प्रतिभा आणि प्रतिमा' मध्ये लेखक-कलावंतांशी गप्पा, गुरुवारी छायागीतला सगळी चाळ एका घरात. म्हणजे गिरगावातल्या क्लार्कने फुकटात शेतातली पेरणी बघितली आणि शेतकऱ्याने कवीची मुलाखत बघितली, दोघांनाही दुसरं बटण नव्हतं म्हणून. लोक याला सुवर्णकाळ म्हणतात. मला त्यात थोडी नाइलाजाचीच गंमत दिसते. तरी एक 'ज्ञानदीप' घ्या, त्याच्या प्रेक्षकांनी गावोगाव ज्ञानदीप मंडळं काढली आणि कार्यक्रमात ऐकलेलं गावात करून बघितलं. हे नुसत्या नाइलाजाने होत नाही.

१९८२ ला आशियाई खेळांच्या निमित्ताने रंग आला, त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि रात्रीचा मोठा तुकडा दिल्लीने घेतला. मराठी संध्याकाळ आखडली. नव्वदीत खासगी चॅनल आले तेव्हा, १९९४ मध्ये, मराठीला उपग्रहावर स्वतःचं चॅनल मिळालं, तेच पुढे सह्याद्री झालं. आता चोवीस तास आहेत, नाइलाज संपला, पण कलम १२ ची यादी काही संपलेली नाही, म्हणून ताट तसंच भरलेलं.

मग याचे पैसे कोण देतं

ब्रिटनमध्ये बीबीसीसाठी थेट टीव्ही बघणाऱ्या घरांना लायसन्स फी भरावी लागते, २०२५ मध्ये वर्षाला १७४.५० पौंड. आपल्याकडेही रेडिओ-टीव्हीचं लायसन्स असायचं, पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तकात शिक्का मारून घ्यायचा, घरातल्या जुन्या ट्रंकेत सापडेल बघा एखादं. ते ऐंशीच्या दशकात बंद झालं. आता मोठा भाग केंद्र सरकारच्या अनुदानातून येतो, वर्षाला काही हजार कोटी, आणि त्यातला बराचसा पगारात जातो. ऐकायला आकडा दणदणीत, पण देशाच्या लोकसंख्येने भागला तर माणशी वर्षाला एक-दोन वडापाव.

बाकीचे पैसे जाहिरातीतून. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ पासून आहेत. पुढे प्रायोजित मालिका आल्या, १९८४ ची 'हम लोग' घ्या, तिच्यासोबत मॅगी घराघरात गेली. यात निर्माता मालिका स्वतः बनवतो, चॅनलला वेळेचं भाडं देतो आणि त्या बदल्यात काही मिनिटं जाहिरातींना मिळतात, ती विकून तो आपला खर्च काढतो.

आणि तिसरं उत्पन्न मला सगळ्यात मजेशीर वाटतं, ते फ्री डिशचं. डीडी फ्री डिश २००४ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. दीड-दोन हजारात एकदाच छत्री आणि बॉक्स घ्यायचा, महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही. आज ४ कोटींहून जास्त घरांत ती आहे. उपग्रहावर चॅनल बसवायला जागा मोजकी असते, त्यातली दूरदर्शनची आपली जागा सोडून उरलेली प्रसार भारती लिलावाने खासगी चॅनलना देते आणि त्यातून शेकडो कोटी येतात. म्हणजे एसटीने स्टँडवरचे गाळे भाड्याने द्यावेत आणि गाळ्यात वडाप-ट्रॅव्हल्सवाल्यांनीच ऑफिस थाटावं, तसं. आत्ती सह्याद्री बघते, सून त्याच छत्रीवर खासगी चॅनलची जुनी सिरियल बघते, आणि सुनेच्या सिरियलच्या भाड्यातून थोडाफार हातभार आत्तीच्या नाट्यगीताला.

आता मॅचचं

इथे जरा सावकाश वाचा, कारण कायदा तीन उड्या मारतो.

पहिली उडी. १९९३ ला हिरो कपच्या मॅच कोणी दाखवायच्या यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांचं वाजलं, संघटनेला परदेशी कंपनीला हक्क द्यायचे होते आणि सरकार म्हणे प्रसारण आमचीच मक्तेदारी. १९९५ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, लिहिणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. निकालाचं सार असं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती सरकारचीही नाही आणि पैसेवाल्याचीही नाही, लोकांच्या भल्यासाठी वापरायची. सरकारी मक्तेदारी गेली, खासगी चॅनलना मॅच मिळायला लागल्या.

दुसरी उडी. आता खासगी चॅनल पैसे घेणार, मग ज्याच्याकडे केबल नाही त्याने काय करायचं? म्हणून २००७ चा कायदा आला, राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट चित्र खासगी चॅनलने प्रसार भारतीला द्यायचंच, तेही स्वतःच्या जाहिराती काढून. त्यावर दूरदर्शन जाहिराती लावणार आणि उत्पन्नातले टीव्हीला ७५ टक्के हक्कवाल्याला, २५ टक्के प्रसार भारतीला. कुठले सामने राष्ट्रीय महत्त्वाचे ते सरकार जाहीर करतं. आयपीएल त्यात नाही, उगाच शोधत बसू नका.

तिसरी उडी, आणि बायकोच्या फोनचं उत्तर इथे आहे. केबलच्या १९९५ च्या कायद्यात असं आहे की दूरदर्शनचे ठरावीक चॅनल प्रत्येक केबलवाल्याने दाखवायलाच हवेत. मग झालं काय, फुकटात आलेली मॅच दूरदर्शनवर, दूरदर्शन केबलवर, आणि केबलवाली घरं तिथेच बघणार. करोडो मोजून हक्क घेणारा म्हणाला, मग माझं चॅनल विकत कोण घेईल? हे कोर्टात गेलं आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे वाटून घेतलेलं चित्र प्रसार भारतीने फक्त स्वतःच्या ट्रान्समीटरवर आणि स्वतःच्या फ्री डिशवर दाखवायचं, केबलवर किंवा दुसऱ्यांच्या डिशवर ते जाता कामा नये. म्हणून त्या वेळी केबलवरच्या दूरदर्शनला दुसरंच काहीतरी लागतं. केबलवाल्याला शिव्या देऊ नका, निदान याच्यासाठी तरी.

छपरावरच्या अँटेनाचे जुने ट्रान्समीटर २०२१-२२ च्या सुमारास जवळजवळ सगळे बंद झाले, त्यामुळे फुकट मॅचचा रस्ता म्हणजे आता मुख्यतः फ्री डिश. म्हणजे पैसे भरणाऱ्या पुण्याला मॅच नाही आणि न भरणाऱ्या आत्तीला आहे. बायकोला फोनवर हे सगळं सांगितलं, तिने "बरं" म्हणून ठेवला.

"पण बघतं कोण?"

हा सगळ्यांचा पहिला आक्षेप. मुक्कामी एसटीत आठच पॅसेंजर होते, पण त्या आठांना दुसरी गाडी नव्हती. कोणी किती बघितलं एवढ्यावरच हे मोजायचं ठरवलं तर कलम १२ फाडून टाकावं लागेल. आता नियम असाही झालाय, २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी, की खासगी चॅनलनी पण रोज ३० मिनिटं लोकहिताचं काहीतरी दाखवायचं. तुम्हाला ते कधी दिसलं का? मला पण लक्षात येण्यासारखं नाही दिसलं.

पण हेही खरंय की आठ पॅसेंजरची सबब पुढे करून गाडी धुवायचीच नाही हे चालत नाही. सह्याद्रीवर तेच तेच पुनःप्रक्षेपण, सेटवर तीच दोन प्लास्टिकची झाडं, आणि "प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन" चार मिनिटं अखंड. यातलं काहीच कलम १२ मध्ये लिहिलेलं नाही.

"शेवटी सरकारचाच भोंगा ना?"

आणीबाणीत रेडिओ-टीव्हीचा जो वापर झाला तो बघून १९७८ मध्ये वर्गीस समितीने सांगितलं होतं की सरकारच्या हाताबाहेर 'आकाश भारती' नावाची स्वतंत्र संस्था करा. झाली ती प्रसार भारती, बारा वर्षांनी कायदा आणि एकोणीस वर्षांनी प्रत्यक्षात, आणि बरीच पातळ होऊन. मंडळावरची नावं सुचवायला समिती आहे, राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती. कागदावर चांगलं आहे. पण पगार ज्याच्या हातात त्याला वरिष्ठ म्हणतात, हे ऑफिसात काम केलेल्या कोणालाही सांगायला नको, आणि हे या सरकारचं किंवा त्या सरकारचं नाही, खुर्चीवर जो येतो त्याला भोंगा आवडतोच. २०२४ मध्ये डीडी न्यूजचा लोगो भगवा झाला तेव्हा केवढा गदारोळ झाला, ते त्याचंच ताजं उदाहरण.

मी स्वतः काय करतो, तर बातम्या चाळून घेतो, जशा खासगी चॅनलच्या पण घेतो. पण दावण्याला पक्ष नसतो. रक्त कमी असण्याला पण नसतो. ताटातली एक भाजी बिघडली म्हणून ताट फेकायचं की ती वाटी बाजूला सारायची, एवढाच प्रश्न आहे, आणि वाटी दुरुस्त करायची तर पैशाची दोरी मंत्रालयाच्या हातात ठेवून ते होणार नाही असं माझं मत.

"मोबाइलवर सगळं मिळतंय की"

नातवाचं हेच म्हणणं होतं. मी म्हटलं दाखव, दावण्यावर काय मिळतं. त्याने शोधलं, दोन मिनिटांत वीस व्हिडिओ. पहिले चार कुठल्या ना कुठल्या औषध कंपनीचे किंवा दुकानदाराचे, प्रत्येकात शेवटी एक बाटली. पाचवा चांगला होता. म्हणजे मिळतंय, पण पाचव्यापर्यंत जायला आधी माहीत पाहिजे की चार जण बाटली विकतायत. शिवाय मोबाइल तुम्हाला तेच देतो जे तुम्ही मागितलं, आणि नाट्यगीत त्या पोराने जन्मात मागितलं नसतं. त्या संध्याकाळी त्याने ते साडेतीन मिनिटं ऐकलं, तोंड वाकडं करून का होईना, कारण रिमोट आजीकडे.

प्रसार भारतीलाही मोबाइल दिसतो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या वेळी त्यांनी वेव्हज नावाचं स्वतःचं ओटीटी आणलं, त्यात दूरदर्शनचं जुनंही आहे. त्या जुन्या टेपा हे खरं धन आहे, वरळीच्या कपाटात किती काय असेल.

तर मॅच संपली, जिंकलो आपण, सगळे झोपायला गेले. मी पाणी प्यायला उठलो तर मागचं दार उघडं, बाहेर बागेच्या पहिल्या ओळीत बॅटरीचा उजेड. आत्ती एकेक पान उलटं करून बघत होती.

"काय गं?"

"काय नाही अजून. पण ढग हायत. सकाळी त्या पोराला उठीव लवकर, फवारणी धरू."